हार्वर्डच्या आवारातली विटांची इमारत

१६३९ सालचा सप्टेंबर. बॉस्टनमध्ये वसाहतीचे कोर्ट भरले आहे आणि तुम्ही मागच्या भिंतीला पाठ लावून गर्दीत उभे आहात. लोकरीच्या जाड कपड्यांचा, घामाचा आणि चुलीच्या धुराचा मिसळलेला वास येतो आहे. तुम्ही इथे कुणाला दिसत नाही, तुम्हाला मात्र सगळे दिसते. समोर गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप बसले आहेत. त्यांच्यापुढे उभा आहे नथॅनियल ईटन, नदीपलीकडच्या केंब्रिज गावात नव्यानेच सुरू झालेल्या शाळेचा मास्तर. त्याने आपल्या मदतनीसाला, नथॅनियल ब्रिस्कोला, अक्रोडाच्या सोट्याने बडवले आहे. सोटा वारभर लांब, घोडा मरेल एवढा जाड. दोन माणसांनी ब्रिस्कोला धरून ठेवले होते आणि फटके दोनशेच्या घरात गेले होते. विद्यार्थ्यांनाही एका वेळी वीस-तीस फटके हा या शाळेचा शिरस्ता.

मग मास्तरीणबाईंचा जबाब होतो. मुले त्यांच्याच घरी जेवतात, आणि मुलांच्या तक्रारींची यादी लांब आहे. मासे आतड्यांसकट ताटात आले, लापशीत बकरीच्या लेंड्या निघाल्या. याची मला कल्पना नाही, असे बाई म्हणतात. बिअर आठवडा आठवडा नसायची, हे मात्र कबूल करतात. (इथे बिअर म्हणजे रोजचे पेय; सकाळी पाव आणि बिअर हीच न्याहारी.) त्या जबाबात एका वाक्यापुरता आणखी एक माणूस येतो. घरात राबणारा आफ्रिकी माणूस, ज्याला सगळे नुसते 'मूर' म्हणतात. एका विद्यार्थ्याच्या चादरीवर तो झोपला, अशी तक्रार आहे. त्याचे नाव कुणी विचारत नाही आणि कारकून ते लिहीत नाही. तुम्ही पुढे वाकून ऐकता, तरी ते कानावर पडत नाही.

ईटनला दंड होतो, शिकवायची बंदी होते, आणि शाळेला कुलूप लागते. ज्या शाळेला आपण आज हार्वर्ड म्हणून ओळखतो, तिचे पहिले पर्व असे संपले. नाव मिळून तिला जेमतेम सहा महिने झाले होते. २८ ऑक्टोबर १६३६ रोजी याच कोर्टाने शाळेसाठी ४०० पौंड मंजूर केले. तेव्हा या वसाहतीचे मुख्य जहाजी तांडे किनाऱ्याला लागून फक्त सहा वर्षे झाली होती. घरांची छपरे अजून पुरती शाकारलेली नव्हती. दोन वर्षांनी, १६३८ च्या सप्टेंबरात, चार्ल्सटाउनमध्ये जॉन हार्वर्ड नावाचा तीस वर्षांचा पाद्री क्षयाने गेला. जाताना त्याने निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तके या शाळेला ठेवली. म्हणून शाळेला त्याचे नाव. तिकडे देहूला तेव्हा तुकोबा कीर्तनाला उभे राहत होते आणि शिवाजीराजे आठ वर्षांचे होते. काळाचा हा खुंटा मनात रोवून ठेवा, पुढे लागेल.

वर्षभर शाळा बंद राहते. २७ ऑगस्ट १६४० ला हेन्री डन्स्टर सूत्रे हाती घेतो. इंग्लंडहून येऊन त्याला काही आठवडेच झाले आहेत. हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याच्या हाती आले ते एक अर्धवट लाकडी घर, गोठ्यांच्या शेजारची जमीन आणि पांगलेली मुले. १६४२ मध्ये पहिले नऊ पदवीधर त्याने बाहेर काढले. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न त्याला रोज सकाळी पडायचा. बॉस्टन-चार्ल्सटाउन होडीच्या उतारूंचे उत्पन्न शाळेला लावून दिलेले, तेही कधी शिंपल्याच्या मण्यांत येई, कारण इथे त्या मण्यांना चलनाची किंमत होती. विद्यार्थी फी भरत गहू, मका, लोणी आणि कधी जिवंत जनावर देऊन. १६४४ मध्ये तर सगळ्या वसाहतींना आवाहन झाले, दर कुटुंबाने एक पेक धान्य, नाही तर बारा पेन्स द्यावेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी सातारा भागातल्या बायाबापड्यांनी घरटी मूठमूठ धान्य काढून ठेवले, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना डन्स्टरच्या कोठारासमोर परके वाटणार नाही. गरीब गावाने पोटाला चिमटा घेऊन उभी केलेली शाळा, हेही हार्वर्डचे खरे रूप आहे आणि ते सांगितलेच पाहिजे.

पण धान्याने छप्पर दुरुस्त होत नाही. लाकडी कॉलेज गळू लागले होते.

आता १६५० मध्ये या. डन्स्टरच्या टेबलावर एक नवी सनद पडलेली आहे. ती तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाचू शकता. कॉलेज कशासाठी, तर या देशातल्या इंग्रज आणि इंडियन तरुणांना ज्ञान आणि धर्मनिष्ठा शिकवण्यासाठी. इंडियन म्हणजे इथली मूळ माणसे, मॅसॅच्युसेट, वॉम्पनोॲग, निपमक. ज्यांच्या जमिनीवर हे सगळे उभे आहे ती माणसे. १६१६ ते १६१९ च्या साथीत, म्हणजे हे इंग्रज इथे येण्याआधीच, युरोपी जहाजांनी आणलेल्या रोगाने या किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती. उरलेल्यांच्या मुलांना शिकवायचे वचन या सनदेत आहे.

हे वचन मनापासून दिले होते का? काही जणांनी मनापासून दिले होते, असे मला वाटते. रॉक्सबरीचा पाद्री जॉन एलियट १६४६ पासून मॅसॅच्युसेट भाषेत प्रवचन करत होता, तेही ती भाषा त्यांच्याच माणसांकडून शिकून. पण तेवढेच खरे हेही आहे की १६४९ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने न्यू इंग्लंडमधल्या मूळ लोकांत धर्मप्रसार करणारी संस्था स्थापन केली, इंग्लंड-वेल्सच्या चर्चमधून तिच्यासाठी वर्गणी गोळा झाली, आणि गळके कॉलेज चालवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो पैसा होता. इंग्लंडमधला सामान्य माणूस मॅसॅच्युसेट्समधल्या इंग्रज पोरांच्या लॅटिनसाठी पैसे देणार नव्हता. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी तो देत होता.

१६५५ च्या सुमारास आवारात उभे राहा. डन्स्टर आता इथे नाही. तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा त्याला पटेना, म्हणून त्याला जावे लागले. अध्यक्ष आहेत साठी ओलांडलेले चार्ल्स चॉन्सी. समोर जे बांधकाम पूर्ण होते आहे ते आवारातले पहिले विटांचे बांधकाम. दुमजली, भक्कम. हात लावून पाहा, वीट उन्हाने तापलेली आहे. वीसेक विद्यार्थ्यांच्या राहण्या-अभ्यासाची सोय त्यात व्हावी, असा आराखडा. खर्च तीन-चारशे पौंड, सगळा त्या वर्गणीतून. नाव, इंडियन कॉलेज. खोल्यांत डोकावलात तर सुरुवातीला बहुतेक इंग्रज मुलेच दिसतील. मूळ रहिवाशांची मुले अजून तयार व्हायची आहेत, तोवर जागा रिकामी कशाला ठेवायची, असे चॉन्सींनी विचारले आणि परवानगी मिळाली.

तयार व्हायचे म्हणजे काय, ते बघायला जवळच्या एका छोट्या शाळेत चला. एलाइजा कॉर्लेट मास्तरांची ही ग्रामर स्कूल. हार्वर्डमध्ये प्रवेश हवा असेल तर सिसेरोचे लॅटिन समोर ठेवल्या ठेवल्या समजले पाहिजे, लॅटिनमध्ये गद्य-पद्य रचता आले पाहिजे, ग्रीक नामे आणि धातू चालवून दाखवता आले पाहिजेत. बाकावर दोन मुले शेजारी शेजारी बसली आहेत. केलेब चीशॅटोमक आणि जोएल आयाकूम्स. दोघे वॉम्पनोॲग, दोघे नोएपी बेटावरचे, ज्याला इंग्रज मार्थाज व्हिनयार्ड म्हणतात. केलेब एका सरदाराचा मुलगा. जोएलचे वडील हायाकूम्स हे त्या बेटावरचे पहिले ख्रिस्ती. बेटावर पीटर फोल्जर नावाचा शिक्षक मुलांना शिकवी. बेंजामिन फ्रँकलिनच्या आईचा तो बाप. आधी रॉक्सबरीत डॅनियल वेल्ड मास्तरांकडे आणि मग इथे, असा या मुलांचा प्रवास झाला.

त्यांच्याकडे नीट पाहा. घरची भाषा एक, शाळेत येण्याची भाषा इंग्रजी, शाळेत शिकण्याची भाषा लॅटिन, त्यापुढे ग्रीक आणि हिब्रू. घरी मका, घेवडा, मासे, शिकार. इथे पाव आणि खारवलेले मांस. घरी कातड्याचे मऊ कपडे. इथे अंगाला टोचणारी लोकर. गावाबाहेर कधी न गेलेले मूल पहिल्यांदा तालुक्याच्या वसतिगृहात येते तेव्हा त्याची भूक जाते, हे आपल्याकडच्या कुठल्याही आश्रमशाळेतल्या शिक्षकाला ठाऊक आहे. इथे तर मुलांना साथींची सवयही नाही. डॅनियल गुकिन हा वसाहतीचा अधिकारी पुढे लिहून ठेवतो की शिकायला आणलेल्या या मुलांपैकी बरीच दगावली, काही मधेच परत गेली. खाणे, निजणे, कपडे, अभ्यास सगळेच एकदम बदलले म्हणून हे झाले असावे, अशी कारणेही तो नोंदवतो. वर्गातल्या रिकाम्या जागा मोजत बसू नका. केलेब आणि जोएल यांच्या पाट्यांकडे बघा. याच दिवसांत एका जाहीर समारंभात अध्यक्ष चॉन्सींनी सगळ्यांदेखत त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांनी यशयाच्या ग्रंथातला उतारा लॅटिनमध्ये करून दाखवला. १६६१ मध्ये दोघे हार्वर्डमध्ये दाखल होतात.

आता परत विटांच्या इमारतीत या, कारण इथे गोष्टीला फाटा फुटतो. तळमजल्यावरून लाकूड कुरकुरल्याचा आवाज येतो. आत शिरलात की पहिला वास येतो तो शाईचा, जवसाच्या तेलाचा आणि मुताचा. शाई लावायचे चामड्याचे गोळे मऊ राहावेत म्हणून रात्री मुतात भिजवून ठेवायची पद्धत आहे. उत्तर अमेरिकेच्या इंग्रज वसाहतींतला पहिला छापखाना हाच. १६३८ मध्ये तो घेऊन निघालेला जोस ग्लोव्हर वाटेत समुद्रावरच वारला, त्याच्या विधवेने पुढे डन्स्टरशी लग्न केले, आणि छापखाना कॉलेजच्या आवारात आला. आता तो या इमारतीत आहे, जोडीला संस्थेने पाठवलेले दुसरे यंत्र. सॅम्युएल ग्रीन मुद्रक. १६६० मध्ये लंडनहून तीन वर्षांच्या करारावर आलेला मार्माड्यूक जॉन्सन त्याच्या मदतीला.

आणि खिळ्यांच्या खणांसमोर उभा आहे एक निपमक मुलगा, वावस. इंग्रजी नाव जेम्स. १६५९ पासून तो इथे उमेदवारी करतो आहे, आणि धंद्यावरूनच त्याचे आडनाव प्रिंटर पडणार आहे. त्याची बोटे बघत राहा. डाव्या हातात पट्टी, उजवा हात खणांवरून फिरतो आणि एक एक खिळा उलट्या ओळीत बसत जातो. जुळवले जात आहे ते मॅसॅच्युसेट भाषेतले बायबल. शब्द लांबलचक, कधी कधी अर्धी ओळ एका शब्दाला. या भाषेतल्या दीर्घ उच्चारासाठी एलियटने दोन 'ओ' जोडून एक वेगळेच अक्षर घेतले आहे, त्याचे खिळे सारखे संपतात. एलियट रॉक्सबरीहून मुद्रिते तपासतो. भाषांतर त्याच्या नावावर आहे, पण त्याच्या पाठीशी कोकेनो, जॉब नेसुटन, जॉन सासमन ही माणसे होती, आणि छापताना शुद्धलेखनाचा शेवटचा आधार होता हा मुलगा. पुढे एलियटनेच लिहिले की ही भाषा जाणून छपाईचे खिळे जुळवू शकणारा, मुद्रिते तपासू शकणारा आपल्यापाशी हा एकच माणूस आहे.

इथे तुम्हाला साष्टीतले रायतूर आठवू शकेल. तिथेही एका इंग्रजाने, फादर थॉमस स्टीफन्सने, परक्या धर्माची कथा आपल्या मराठीत ओवीबद्ध केली; १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापले गेले तेही रोमन अक्षरांत, कारण आपल्या अक्षरांचे खिळे तिथे नव्हते. आणि वावसकडे पाहताना मला हटकून जावजी दादाजी आठवतात. दीडशे वर्षांनी, १८१३ मध्ये, याच मॅसॅच्युसेट्समधल्या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मिशनने मराठी शाळा काढल्या, छापखाना काढला. त्या छापखान्याच्या टाइप फाउंड्रीत लहानपणी कामाला लागलेले जावजी पुढे निर्णयसागरचे मालक झाले, आणि देवनागरीचे देखणे खिळे साऱ्या देशाला त्यांनी दिले. वावसला निर्णयसागर काढायची संधी मिळाली नाही. त्याच्या लोकांवर काय येणार होते ते आपण पुढे बघू.

१६६३. हजाराहून जास्त पानांचे बायबल छापून पुरे होते. अमेरिका खंडात छापलेले हे पहिले बायबल, आणि ते इंग्रजीत नाही. तिकडे त्याच वर्षीच्या एप्रिलात पुण्याच्या लाल महालात शाइस्तेखानाची बोटे तुटली होती. याच वर्षातले केलेबच्या नावाचे एक लॅटिन पत्र आहे, इंग्लंडमधल्या देणगीदारांना उद्देशून. संस्थेचे प्रमुख तेव्हा रॉबर्ट बॉइल होते, रसायनशास्त्रातले बॉइल. पत्र त्यांच्या कागदपत्रांत राहिले. केलेबच्या मेणबत्तीशेजारी उभे राहून वाचा. अक्षर रेखीव आहे. आपल्या गाण्याने झाडे-दगड हलवणाऱ्या, श्वापदांना वळवणाऱ्या ऑर्फियसची ग्रीक कथा त्याने योजली आहे, आणि देणगीदारांचे आभार मानले आहेत. ज्यांच्या पैशावर शिक्षण चालले आहे त्यांना अशी पत्रे लिहावीच लागतात. त्यात आपल्या लोकांची तुलना रानटी श्वापदांशी करावी लागते. वाचताना माझ्या पोटात तुटते. पण त्या वाक्यांची लॅटिन घडणही पाहा. बेटावरून आलेल्या या मुलाने काही वर्षांत जे साधले, ते इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कित्येकांना साधले नव्हते.

१६६५ चा उन्हाळा. जूनमध्ये पुरंदरच्या पायथ्याशी तह झाला आहे. इथे पदवीदान जवळ आले आहे. जोएल त्याआधी आपल्या माणसांना भेटायला बेटावर जातो. परतताना त्याचे गलबत वादळात सापडून नँटकेटच्या किनाऱ्यावर आपटते. कुणी बुडाले, कुणी किनाऱ्यावर मारले गेले. जोएल परत येत नाही. गुकिनने त्याच्याविषयी फार आदराने लिहिले आहे, मोठा विद्वान आणि सद्‌वर्तनी तरुण म्हणून.

पदवीदानाच्या दिवशी सभागृह भरलेले आहे. प्रार्थना होते, लॅटिन भाषणे होतात, वादविवाद होतात. उमेदवार एकामागून एक पुढे येतात. जोसेफ डडली, जो पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होणार. जॉन एलियटचा मुलगा बेंजामिन. आणि केलेब. अध्यक्ष त्याच्या हातात पुस्तक देतात, रीत अशी आहे. ज्याच्यासोबत तो इतकी वर्षे एकाच बाकावर बसला, तो जोएल तिथे नाही.

वर्षाच्या आत केलेब चार्ल्सटाउनमध्ये क्षयाने जातो. ज्या गावात जॉन हार्वर्ड गेला, त्याच गावात आणि त्याच रोगाने.

आपल्याला हे दुःख ओळखीचे आहे. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाला एम. डी. झालेल्या आनंदीबाई जोशी फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या, एकविसाव्या वर्षी. परक्या देशातली थंडी, परके अन्न, भाषेचे ओझे, आणि 'हिला जमते का बघू' म्हणून रोखलेल्या हजार नजरा. केलेबच्या अंथरुणाशी जरा थांबा. त्याचे डॉक्टर, त्याचे पालक म्हणून नेमलेले थॉमस डॅनफर्थ, त्याचे प्राध्यापक, सगळे त्याच्याशी इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये बोलणारे. शेवटच्या दिवसांत त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी बोलले असेल का, एवढाच प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर या इमारतीत मूळ रहिवाशांचा एकही मुलगा पदवीपर्यंत पोहोचला नाही. एलिझर नावाचा एक होता, १६७८ मध्ये लॅटिन आणि ग्रीकमध्ये शोककविता लिहिण्याइतका तयार. तो देवीने गेला.

१६७५ मध्ये मी तुम्हाला फार वेळ ठेवणार नाही. त्या जानेवारीत जॉन सासमनचा खून झाला. हार्वर्डमध्ये काही काळ शिकलेला, एलियटला मदत केलेला हाच तो सासमन. त्या खुनाच्या खटल्यातून वॉम्पनोॲग सरदार मेटाकॉमचे युद्ध भडकले, ज्याला इंग्रज किंग फिलिपचे युद्ध म्हणतात. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनच्या बंदरातल्या डिअर आयलंडच्या काठावर उभे राहा. ख्रिस्ती झालेले, इंग्रजांच्या बाजूचे, एलियटचे बायबल वाचणारे मूळ रहिवासी होड्यांतून इथे आणून सोडले जात आहेत. संशय एवढाच त्यांचा गुन्हा. हिवाळा, उघडा वारा, अपुरे अन्न. शेकडो माणसांपैकी कितीतरी वसंत बघू शकली नाहीत. बायबलच्या पहिल्या आवृत्तीच्या बऱ्याच प्रती युद्धात नष्ट झाल्या. वावस निपमक लोकांसोबत रानात होता. १६७६ मध्ये माफी जाहीर झाल्यावर तो परतला आणि पुन्हा खिळ्यांसमोर उभा राहिला. १६८५ च्या दुसऱ्या आवृत्तीचे काम त्याच्या हातून झाले.

१६९३ मध्ये कॉलेज इंग्लंडच्या त्या धर्मप्रसार संस्थेला विचारते, विटांची इमारत पाडू का? पुढे कधी मूळ रहिवाशांचे विद्यार्थी आले तर त्यांना खोलीचे भाडे लावायचे नाही, या अटीवर परवानगी मिळते. १६९८ मध्ये इमारत उतरवली जाते आणि विटा शेजारच्या स्टाउटन कॉलेजच्या बांधकामात जातात. ते स्टाउटनही पुढे पडले. या शाळेच्या सुरुवातीची गोष्ट सांगताना जॉन हार्वर्डच्या ४०० पुस्तकांपाशी थांबायची सवय आहे. कठीण वर्षांत कॉलेजला भक्कम भिंती, छापखाना आणि लंडनचा पैसा मिळाला तो केलेब-जोएलच्या नावावर, ही गोष्ट तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. शाळेचे संस्थापक मोजायचे असतील तर ही दोन मुलेही मोजा, आणि वावसही.

२००९ च्या शरदात आवारात मॅथ्यूज हॉलजवळ खणलेल्या चरांच्या कडेला तुम्ही उभे राहू शकता, आता सगळ्यांना दिसत. हार्वर्डचे विद्यार्थी पुरातत्त्वाच्या वर्गात माती चाळत आहेत, त्यांत मूळ रहिवाशांच्या समाजांतले विद्यार्थीही आहेत. इंडियन कॉलेजच्या पायाचा चर सापडला आहे. या आवारातल्या मातीतून छपाईचे शिशाचे खिळेही निघाले आहेत. मे २०११ मध्ये हार्वर्डने जोएल आयाकूम्सला मरणोत्तर पदवी दिली, ३४६ वर्षांनी. त्या समारंभात त्याच बेटावरची एक वॉम्पनोॲग विद्यार्थिनी स्वतःची पदवी घेत होती.

पण मला तुम्हाला न्यायचे आहे ते केप कॉडवरच्या मॅशपी गावात. वॉम्पनोॲग भाषा, म्हणजे एलियटच्या बायबलातली मॅसॅच्युसेट भाषाच, बोलणारी शेवटची माणसे एकोणिसाव्या शतकातच गेली होती. १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड या मॅशपी वॉम्पनोॲग बाईंनी ती भाषा परत आणायचे काम सुरू केले. त्यांनी एमआयटीमध्ये केनेथ हेल यांच्याकडे भाषाशास्त्र शिकून घेतले. हाताशी साहित्य काय होते? वावसने जुळवलेले बायबल. आणि त्याहून मोलाचे, मूळ रहिवाशांनी अक्षरओळख झाल्यावर स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या भाषेत लिहिलेले कागद: जमिनीची खरेदीखते, मृत्युपत्रे, सरकारला केलेले अर्ज. धर्म शिकवायला दिलेली अक्षरे या लोकांनी जमीन राखायला वापरली होती. बायबलमधून व्याकरण आणि शब्दसंग्रह जुळवता आला, कारण कुठल्या वाक्याचा अर्थ काय ते शेजारी इंग्रजी बायबल ठेवून ताडता येत होते. खतांतून रोजच्या बोलण्याचे वळण मिळाले. शब्दकोश वाढत गेला, वर्ग सुरू झाले, आणि बेअर्ड यांनी आपल्या मुलीशी जन्मापासून ही भाषा बोलायला घेतली. कित्येक पिढ्यांनंतर ती मातृभाषा म्हणून घेऊन वाढलेले ते पहिले मूल.

२०१६ मध्ये मॅशपीला लहान मुलांची शाळा उघडली. शिक्षिका आधी स्वतः ही भाषा शिकल्या, आता दिवसभर त्याच भाषेत मुलांना रंग, आकडे, प्राणी, ऋतू शिकवतात. एखादे मूल मधेच इंग्रजीत काही विचारते. उत्तर त्याला वॉम्पनोॲगमध्ये मिळते, आणि पुढचा प्रश्न ते त्याच भाषेत जुळवू पाहते.